पत्र्याला वळण लावणारे हात

१२ फेब्रुवारी १९५७. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात ब्राउन्स लेन इथल्या जॅग्वार कारखान्याला संध्याकाळी आग लागली. आगीने कित्येक गाड्या गिळल्या, त्यांत ‘एक्सकेएसएस’ या मॉडेलच्या नऊ गाड्या होत्या. ल मान्सची चोवीस तासांची शर्यत गाजवणाऱ्या ‘डी-टाइप’ला रस्त्यावर चालवण्याजोगे रूप देऊन ही गाडी बेतलेली होती. एकूण पंचवीस बनवायच्या ठरल्या होत्या. आगीनंतर सोळाच बाहेर पडल्या.

जवळजवळ साठ वर्षांनी, २०१६ मध्ये, कंपनीने जाहीर केले की राहिलेल्या नऊ गाड्या आता बनवायच्या, आणि त्याही १९५७ सारख्याच. काम सुरू झाले तेव्हा मोठी अडचण उभी राहिली ती बॉडीची. ज्या लाकडी सांगाड्यावर धरून मूळ पत्रे घडवले होते, तो सांगाडाच शिल्लक नव्हता. मग वाचलेल्या जुन्या गाड्यांची मोजमापे घेतली गेली, त्यांवरून नवा सांगाडा तयार झाला आणि मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे पत्रे त्या सांगाड्याबरहुकूम हाताने घडवण्यात आले. एका गाडीमागे सुमारे दहा हजार मनुष्यतास लागतात, असा कंपनीचा अंदाज होता. एकट्या माणसाने रोज आठ तास, आठवड्याचे सहा दिवस काम केले, तर त्याला चार वर्षे पुरेल एवढे हे काम आहे.

संगणक आहेत, अजस्र दाबयंत्रे आहेत, तरी जुन्या गाडीचा एक मडगार्ड घडवायला माणूस मोगरी घेऊन वाळूच्या पिशवीपुढे बसतो. असे का, आणि तो तिथे नेमके काय करतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

दाबयंत्राच्या आधी, दाबयंत्राच्या बाहेर

आजच्या गाडीचे दार किंवा बॉनेट पोलादी साच्यांच्या जोडीत दाबून काही सेकंदांत तयार होते. ते साचे बनवायला मात्र प्रचंड खर्च येतो. हजारो, लाखो गाड्या विकल्या तरच तो वसूल होतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांच्या कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डॉज गाड्यांसाठी पूर्ण पोलादी बॉडी पुरवायला सुरुवात केली आणि हळूहळू ही पद्धत जगभर रुळली.

महागड्या गाड्यांचा मामला वेगळा होता. रोल्स-रॉइससारखी कंपनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत फक्त चासी, इंजिन आणि चाके पुरवत असे. गिऱ्हाईक ती चासी घेऊन बॉडी बांधणाऱ्या कारखानदाराकडे जाई. हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड ही लंडनची नावे त्या काळी दबदबा राखून होती. त्यांचा वारसा घोड्यांच्या बग्ग्यांचा होता. अॅश या चिवट लाकडाची चौकट करायची आणि तिच्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा चढवायचा, ही त्यांची रीत. हिंदुस्थानातही कलकत्त्याची स्टुअर्ट आणि मद्रासची सिम्पसन या कंपन्या चासीवर बॉडी बांधून देत.

मराठी वाचकाला यातले एक नाव जवळचे वाटेल. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे हे १९३० च्या दशकातले मोठे मोटारशौकीन. त्यांनी अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीची चासी मागवली आणि तिच्यावर बॉडी चढवली लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून. इंडियानापोलिसचे इंजिन, लंडनचा पत्रा आणि इंदूरचा मालक, असा हा योग होता. अशी बॉडी एकदाच बनते. तिचा मडगार्ड सडला तर सुटा भाग कुठल्या दुकानात मिळणार?

जॅग्वारचीच एक्सके १२० ही गाडी दोन्ही पद्धतींमधली सीमारेषा दाखवते. १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ती मांडली, तेव्हा फार गाड्या खपतील अशी अपेक्षा नव्हती. म्हणून पहिल्या सुमारे २४० गाड्यांना लाकडी चौकटीवर अॅल्युमिनियमचे हातघडणीचे पत्रे लावले. मागणी इतकी आली की १९५० पासून दाबून काढलेली पोलादी बॉडी आली. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. दुरुस्तीला काढल्यावर मात्र दोन्हींचा संसार निराळा असतो.

संत्र्याच्या सालीची अडचण

पत्र्याला एकाच दिशेने वाक द्यायचा असेल तर काम सोपे आहे. सपाट पत्रा नळीवर धरून वाकवला की झाली पन्हळ, झाला डबा. कागदही असा वाकतो. पण मडगार्ड असा नसतो. तो पुढून मागे वळतो आणि त्याच वेळी आतून बाहेरही वळतो. नारळावर कागद चिकटवून पाहिला तर कडेला चुण्या पडतात. उलटीकडून संत्र्याची साल सपाट करायला गेले तर ती कडेने फाटते. दोन्ही दिशांनी वळलेला पृष्ठभाग आणि सपाट पृष्ठभाग यांचे हे जुने भांडण आहे. पृथ्वीचा सपाट नकाशा अचूक काढता येत नाही, त्याचेही कारण हेच.

कागद ताणला जात नाही, धातू जातो. त्यामुळे पत्राकामातली सगळी विद्या दोन क्रियांत सामावते: पत्रा काही ठिकाणी ताणायचा आणि काही ठिकाणी आकसवायचा. वाटीचा खोलगटपणा हवा असेल तर मधला भाग ताणून वाढवावा लागतो, नाहीतर कड आकसून आवळावी लागते. बहुतेक वेळा दोन्ही थोडे थोडे करावे लागते. नुसते ताणत राहिले तर पत्रा मध्ये पातळ होऊन फाटतो. नुसते आकसत राहिले तर वेळ अपार जातो आणि कड जाड होते.

कुठे ताणायचे आणि कुठे आकसायचे, हे कळायला कारागीर एक साधी युक्ती वापरतात. लाकडी सांगाड्यावर, किंवा जुना मडगार्ड शाबूत असेल तर थेट त्याच्यावर, ते कागद पसरतात. कागद जिथे चुण्या टाकतो तिथे पत्रा आकसायचा. जिथे कागदाला कात्री लावल्याशिवाय तो बसत नाही आणि काप रुंद होऊन उघडतो, तिथे पत्रा तेवढाच ताणायचा. सगळा नकाशा त्या कागदावर उमटतो. त्यावरून पत्रा थोडा मोठा ठेवून कापतात, कारण जास्तीची कड नंतर कातरता येते, कमी पडलेली जोडावी लागते.

मोगरी, वाळू आणि चाक

कापलेला पत्रा सहसा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. पोलाद असेल तर ०.९ ते १.२ मिलिमीटर, अॅल्युमिनियम असेल तर थोडा जास्त. अॅल्युमिनियमचे वजन तेवढ्याच आकारमानाच्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असते, म्हणून जाडी वाढली तरी गाडी हलकीच राहते.

पहिला टप्पा ओबडधोबड असतो. वाळू भरलेली जाड चामड्याची पिशवी ओट्यावर ठेवायची, तिच्यावर पत्रा आडवा धरायचा आणि लाकडी मोगरीने ठोके द्यायचे. प्रत्येक ठोक्याखाली पत्रा वाळूत किंचित दबतो, ताणला जातो, खळगा पडतो. दहा मिनिटांत सपाट पत्र्याचे रूप अक्रोडाच्या टरफलासारखे होते. पाहणाऱ्याला वाटावे की पत्रा वाया गेला. इटलीतल्या मोदेना इथे सर्ज्यो स्कालिएत्ती यांनी फेरारीच्या शर्यतीच्या गाड्यांचे पत्रे असेच वाळूच्या पिशव्यांवर ठोकून घडवले. १९५० च्या दशकातली ‘२५० टेस्टा रोसा’ ही जगप्रसिद्ध गाडी त्यांच्याच कारखान्यातली. तपशीलवार आराखड्यांपेक्षा नजरेवर त्यांचा भर असे. आज त्या गाड्यांची किंमत कोट्यवधी डॉलरमध्ये मोजली जाते.

कड आकसण्याची पद्धत शिवणकाम करणाऱ्यांना लगेच समजेल. काट्यासारख्या दुबेळक्या अवजारात पत्र्याची कड धरून पिळतात, म्हणजे परकराला घालतात तशी एक चुणी पडते. मग त्या चुणीचे तोंड आधी ठोकून बंद करतात, जेणेकरून ती पुन्हा उलगडून बाहेर सरकू नये. नंतर उरलेली चुणी हळूहळू आतल्या आत दाबतात. धातूला जायला जागा नसते, तो स्वतःतच मिसळतो. कड लांबीने कमी होते आणि जाडीने वाढते. ही क्रिया धीराची. घाईने ठोकले तर चुणी एकावर एक दुमडते, आणि मग तिथे तडा ठरलेला.

ठोकून झाल्यावर येते ते चाकाचे यंत्र. जगभर त्याला ‘इंग्लिश व्हील’ म्हणतात. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी उंच लोखंडी चौकट, तिच्या तोंडात वर एक मोठे सपाट चाक आणि खाली एक छोटे, फुगीर चाक. दोन्हींच्या मधून पत्रा पुढे-मागे फिरवायचा. खालच्या चाकाचा दाब स्क्रूने कमी-जास्त करता येतो. जिथून चाक जाते तिथे पत्रा केसाएवढा पातळ होतो आणि तेवढाच पसरतो. पसरायला जागा नसल्याने तो वर उचलला जातो, फुगतो. शेतात नांगराची तासे शेजारी शेजारी पडावीत तशा चाकाच्या फेऱ्या पडतात. त्याच वेळी मोगरीचे खळगे पुसले जातात आणि अक्रोडाचे टरफल गुळगुळीत होऊ लागते. मोठ्या पत्र्याला दोन माणसे लागतात, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला. दोघांनी एका लयीत ढकलले आणि ओढले नाही तर पत्र्यावर लाटा उठतात.

पाच-दहा फेऱ्या झाल्या की पत्रा सांगाड्यावर ठेवून पाहायचा, डुगडुगतो कुठे ते बघायचे, खूण करायची आणि पुन्हा चाकाकडे जायचे. एका मडगार्डसाठी अशा येरझाऱ्या शेकड्याने होतात.

तांबट आळीची विद्या

ठोकता ठोकता पत्रा हट्टी होत जातो. सुरुवातीला मऊसूत वाकणारा धातू काही वेळाने मोगरीला दाद देईनासा होतो. धातूच्या आतल्या स्फटिकांच्या रचनेत ठोक्यांनी गुंता वाढतो आणि थर एकमेकांवरून सरकेनासे होतात. अशा वेळी जोर लावला तर पत्रा चिरतो. उपाय एकच: तापवून नरम करणे.

हे ज्ञान महाराष्ट्राला परके नाही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईच्या काळापासून हेच चालत आले आहे. तांब्याचा पत्रा भट्टीत तापवायचा, नरम करायचा, ठोकून हंडा किंवा घागर घडवायची, आणि शेवटी ओळीने एकसारखे ठोके देऊन तिच्यावर मठारकाम करायचे. मठाराचे ठोके दिसायला सुंदर असतात, पण त्यांचे खरे काम पातळ पत्रा ताठ करण्याचे. धातू ठोकल्याने कडक होतो हा जो दोष मोटारीचा कारागीर तापवून घालवतो, त्यालाच तांबट शेवटच्या टप्प्यात गुण म्हणून वापरतो. मोटारीच्या पत्र्यालाही शेवटी हा कडकपणा हवाच असतो, नाहीतर बॉनेटवर अंगठा दाबला तरी पोचा येईल.

अॅल्युमिनियम तापवताना मात्र कसोटी लागते. लोखंड तापले की लाल होते, डोळ्यांना कळते. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि तोवर रंग बदलत नाही. नजर चुकली की हातातला पत्रा अचानक भोक पडून ओघळतो. म्हणून कारागीर पत्र्यावर साबणाची वडी घासतात आणि गॅसची ज्योत फिरवतात. साबण तपकिरी-काळा पडला की समजायचे, पत्रा नरम झाला, आता ज्योत बाजूला. न्हाणीघरातला साबण इथे तापमापकाचे काम चोख करतो.

पोलादी पत्रा चुकून जास्त ताणला गेला तर तो ‘टक्क’ वाजतो. रॉकेलच्या डब्याचा तळ दाबल्यावर आत जातो आणि सोडल्यावर बाहेर उसळतो, तसे त्या ठिकाणी होते. त्यावरचा इलाज भौतिकशास्त्राचा सुरेख धडा आहे. नाण्याएवढा ठिपका ज्योतीने लालबुंद करायचा. तो प्रसरण पावू पाहतो, पण आजूबाजूचा थंड पत्रा त्याला हलू देत नाही, त्यामुळे तापलेला धातू जागच्या जागी जाड होतो. मग भोवती हलके ठोके, वर ओला फडका. थंड होताना ठिपका आकसतो आणि सैल झालेला पत्रा ताणून धरतो. असे दोन-चार ठिपके दिले की आवाज थांबतो.

जे डोळ्याला दिसत नाही ते तळहाताला लागते

गुळगुळीत दिसणारा पत्रा अजून तयार नसतो. रंग चढला, वर दिव्याचा उजेड पडला की अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटासुद्धा आरशात चेहरा वेडावाकडा दिसावा तसा उघडा पडतो. म्हणून शेवटचा टप्पा सगळ्यांत लांब चालतो. पत्र्याच्या मागे ‘डॉली’ नावाचा गुळगुळीत लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून चपट्या हातोडीने हलके, अगदी मनगटाचे ठोके द्यायचे. डॉलीवर थेट ठोका पडला तर स्वच्छ टणत्कार होतो, बाजूला पडला तर बद्द आवाज येतो. मुरलेला कारागीर आवाजावरून सांगतो की डॉली कुठे आहे.

मग तो हातात सुती हातमोजा घालतो, किंवा तळहाताखाली पातळ फडके घेतो आणि पत्र्यावरून लांब हात फिरवतो. फडक्यामुळे हात अडखळत नाही आणि उंचसखलपणा जास्त स्पष्ट जाणवतो. बोटांची टोके छोटी खोट सांगतात, आकाराची लय सांगतो तो सगळा तळहात. त्यानंतर रुंद दात्यांची कानस तिरकी फिरवतात. उंच जागा घासून चमकतात, खोल जागा काळसर राहतात. चमकले ते खाली, काळे राहिले ते वर, असे करत करत पत्रा सारखा होतो. कानस इथे शोध घेण्यासाठी असते. तिने उंचवटे घासूनच काढत बसले तर एक मिलिमीटरच्या पत्र्यात उरणार काय?

एवढा मोठा मडगार्ड एका तुकड्यात क्वचितच होतो. तुकडे वेगवेगळे घडवून जोडावे लागतात आणि इथे जुन्या गॅस वेल्डिंगला अजूनही मान आहे. ऑक्सिजन-अॅसिटिलीनच्या ज्योतीने केलेला सांधा मऊ राहतो, मागेपुढे ठोकून तो आसपासच्या पत्र्यात मिसळून टाकता येतो. गॅरेजमध्ये सर्रास वापरले जाणारे तारेचे मिग वेल्डिंग झटपट होते, पण त्याचा सांधा कडक होतो, हातोडीला जुमानत नाही, ग्राइंडरने घासावा लागतो. एकावर एक पत्रा चढवून जोडण्याची पळवाट तर नकोच. दोन पत्र्यांच्या फटीत ओल धरते आणि काही पावसाळ्यांत नव्या मडगार्डलाही गंज लागतो. कडेला कड भिडवून केलेला सांधा टिकतो.

पूर्वी कारखान्यातही सांध्यावर शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाचा भराव देत. शिशाचा धूर आणि भुकटी विषारी असल्याने हे काम आता काळजी घेऊनच करावे लागते. नंतर आली लांबी, म्हणजे डबाबंद भराव. केसाएवढा थर लावायला लांबीचा दोष नाही. बोटभर जाडीची लांबी भरून त्याखाली सडका पत्रा झाकणे ही मात्र गाडीची आणि मालकाची दोघांचीही फसवणूक आहे. पत्र्याखालचा गंज वाढत राहतो आणि दोन-तीन वर्षांत रंगाला फोड येतात. चुंबक लावून पाहिला तर जाड लांबीवर तो चिकटत नाही. पोलादी बॉडीची जुनी गाडी विकत घेणाऱ्याने खिशात एक छोटा चुंबक फडक्यात गुंडाळून जरूर न्यावा.

फक्त फोटो उरले तर

एक्सकेएसएसच्या बाबतीत मोजायला निदान जुन्या गाड्या होत्या. बुगाटी कंपनीच्या ‘एरोलित’ची गोष्ट याहून अवघड. एत्तोरे बुगाटी यांचे चिरंजीव झाँ यांनी बेतलेली ही गाडी १९३५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली होती. बॉडी ‘इलेक्ट्रॉन’ या मॅग्नेशियम मिश्रधातूची. मॅग्नेशियम आगीला चटकन बळी पडते आणि वेल्डिंगला नाठाळ. त्यामुळे दोन अर्धे भाग मध्यभागी उभ्या कडा ठेवून रिव्हेटने जोडले होते. बॉनेटपासून शेपटीपर्यंत धावणारी ती कण्यासारखी कड अडचणीतून जन्मली आणि तीच गाडीची ओळख ठरली. पुढे ‘अटलांटिक’ नावाच्या चार गाड्या अॅल्युमिनियममध्ये निघाल्या, ज्यांना वेल्डिंग सहज करता आले असते, तरी रिव्हेटची कड तशीच ठेवली गेली.

मूळ एरोलित गाडी पुढे नाहीशी झाली. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या ‘गिल्ड ऑफ ऑटोमोटिव्ह रिस्टोरर्स’ या कार्यशाळेने ती पुन्हा घडवायला घेतली, तेव्हा हाताशी मुख्यतः मोजकी जुनी छायाचित्रे होती. छायाचित्रातल्या चाकाचे माप ठाऊक असते, त्यावरून छताची उंची काढायची, सावलीवरून गोलाईचा अंदाज करायचा. अॅल्युमिनियम वापरून काम सोपे करता आले असते. कार्यशाळेने मॅग्नेशियमच वापरले. थंड मॅग्नेशियम वाकवायला गेले की तडकते, म्हणून पत्रा तापवून घडवावा लागतो, आणि ज्योतीपुढे धरलेला हा धातू जास्त तापला तर पेटतो. अशा पत्र्याला वळण लावून ती गाडी आज उभी आहे.

या उदाहरणात कौतुकाबरोबर एक धोक्याची सूचनाही आहे. मूळ पत्र्याचा एक तुकडा जरी उरला असता तरी कित्येक अंदाज टळले असते. वाक कुठे सुरू होतो, कड किती रुंद, पत्रा किती जाड, रिव्हेट किती अंतरावर, हे छायाचित्र पुरते सांगू शकत नाही. धातू सांगतो. हाताने बनलेल्या गाडीत तर डावी आणि उजवी बाजूसुद्धा तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे एका बाजूवरून दुसरी बेतली तरी फरक पडतो.

म्हणूनच जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ‘फिव्हा’ने, तयार केलेल्या टुरिन सनदेत जतनाला पहिले स्थान आहे. जे टिकवता येते ते टिकवा, जे बदलावेच लागते तेवढेच बदला आणि नवा भाग नवा म्हणून ओळखता येईल अशी खूण ठेवा, असा तिचा आग्रह आहे. पत्र्याच्या आतल्या बाजूला ठोकलेला एक छोटा शिक्काही त्याला पुरतो.

आपल्या गल्लीतला कारागीर

महाराष्ट्रात या कामाची गरज राजेरजवाड्यांच्या गाड्यांपुरती नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेल्या फियाट आणि पद्मिनी कित्येक मराठी घरांतली पहिली गाडी होती. २९ ऑक्टोबर २०२३ हा पद्मिनी टॅक्सीचा मुंबईच्या रस्त्यावरचा शेवटचा दिवस ठरला. हौसेने जपलेल्या पद्मिनी अजून आहेत, पण कंपनीकडून नवा मडगार्ड मिळण्याचा मार्ग कधीच बंद झाला. मुंबई-कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत दाराचा तळ, डिकीचा तळ आणि मडगार्डची आतली कड सगळ्यांत आधी सडते, कारण चिखल आणि ओल तिथे साचून राहते.

अशा वेळी गाठ पडते ती डेंटरशी. गॅरेजच्या कोपऱ्यात, बहुधा उघड्यावर, लाकडी ओंडका, रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणि चार हातोड्या एवढ्या भांडवलावर बसलेला हा माणूस जे करतो ते कॉव्हेंट्रीच्या कारागिराच्या कामाशी थेट नाते सांगते. सपाट पत्र्यातून मडगार्डची कड वळवून देणारे, गॅसच्या ज्योतीने पोचा आकसवणारे हात आपल्याकडे आहेत. त्यांना मिळत नाही तो वेळ आणि मोबदला. विम्याच्या कामात आता सरसकट नवा भाग लावला जातो, त्यामुळे पत्रा घडवण्याची संधी कमी होते. गॅरेजमध्ये शिकाऊ म्हणून येणारे पोरही भाग बदलायला शिकते, पत्रा ताणायला नाही. ज्या गिऱ्हाइकाला चार दिवसांत चकचकीत गाडी हवी असते, त्याच्यासाठी डेंटरही लांबीचा डबाच उघडणार.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. नियमाची मुख्य अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. तेव्हा मडगार्ड बदलावाच लागला तर तो मूळ आकाराचा, मूळ धातूचा आणि मूळ सांध्यांचा असणे हा आता केवळ हौसेचा प्रश्न राहिलेला नाही.

वडिलांची किंवा आजोबांची जुनी गाडी अंगणात, गोठ्यात, सोसायटीच्या कोपऱ्यात उभी असेल आणि ती कधीतरी नीट करायचा विचार असेल, तर एवढे करावे. काम सुरू होण्याआधी प्रत्येक बाजूने, सपाट उजेडात, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढावेत. कड न् कड, सांधा न् सांधा टिपावा. डेंटरला चार दिवसांची घाई लावू नये, पत्रा घडवायचे पैसे लांबीच्या कामाच्या भावाने देऊ नयेत. आणि कापून काढलेला सडका मडगार्ड, भोके पडलेला दाराचा तळ, वाकडी झालेली कड, यांतला एकही तुकडा नवा भाग बसून पूर्ण होईपर्यंत भंगारवाल्याच्या हाती पडू देऊ नये. जॅग्वारला आणि बुगाटीच्या चाहत्यांना जो तुकडा मिळाला नाही, तो कदाचित तुमच्या माळ्यावर पडलेला असेल.